येणारे आणि टिकणारे

आमच्या गावच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीवर मी नऊ वर्षं होतो. दर वर्षी वार्षिक सभेत कार्यवाह अहवाल वाचून दाखवायचे. त्यात एक वाक्य ठरलेलं असे : ‘सरत्या वर्षात १२० नवे वाचक सभासद झाले.’ टाळ्या पडायच्या. दोन पानं उलटली की एकूण सभासदसंख्या यायची. ती सहाशेच्या मागेपुढे. आदल्या वर्षी सहाशे, त्याच्या आदल्या वर्षीही सहाशेच. एका सभेत मागच्या बाकावरचे निवृत्त शिक्षक उभे राहिले आणि म्हणाले, “दर वर्षी सव्वाशे माणूस येतो, मग आपण सहाशेलाच का अडकलोय?” अध्यक्षांनी कार्यवाहांकडे पाहिलं, कार्यवाहांनी माझ्याकडे. मी तेव्हा खजिनदार. हिशेबाच्या वह्या माझ्याकडे होत्या, उत्तर नव्हतं.

ते उत्तर मला पुढे एका अमेरिकन प्राध्यापकाच्या पाच पानांच्या लेखात सापडलं. प्राध्यापकांचं नाव जॉन डी. सी. लिटल. लेख १९६१ सालचा. त्यात वाचनालयाचा उल्लेख नाही, सभासदांचा नाही, संस्थांचा तर नाहीच. तो रांगांविषयी आहे. पण त्यातला नियम इतका सर्वव्यापी आहे की बँकेच्या खिडकीपासून रुग्णालयाच्या खाटांपर्यंत आणि कारखान्याच्या आवारापासून संगणकाच्या सर्व्हरपर्यंत तो सारखाच लागू पडतो. मग मी या माणसाचं आयुष्य वाचू लागलो. २७ सप्टेंबर २०२४ रोजी लिटल गेले, तेव्हा त्यांचं वय ९६ होतं. एका विषयाला, एका विद्यापीठाला आणि त्या विषयाच्या संस्थेला त्यांनी जवळजवळ सत्तर वर्षं दिली. माझ्या मनात नियम आणि माणूस हे दोन्ही एकत्रच राहिले आहेत. हा लेख त्या दोघांविषयी आहे.

युद्धात जन्मलेला विषय

लिटल यांचा विषय ऑपरेशन्स रिसर्च. मराठीत त्याला कुणी संक्रिया संशोधन म्हणतं, कुणी क्रियात्मक संशोधन. वर्गात मात्र शिकणारे आणि शिकवणारे सगळे ‘ओआर’च म्हणतात. हाताशी आहे तेवढ्याच साधनांत काम जास्तीत जास्त चांगलं कसं होईल, हे आकडेमोड करून शोधणं म्हणजे ओआर.

हा विषय दुसऱ्या महायुद्धात उभा राहिला. पाणबुड्यांवर विमानातून टाकायच्या स्फोटकांचं ब्रिटनमधलं उदाहरण प्रसिद्ध आहे. ही स्फोटकं पाण्यात साधारण शंभर फूट खोल गेल्यावर फुटतील अशी लावलेली असत. शास्त्रज्ञांनी हल्ल्यांच्या नोंदी चाळल्या. विमान दिसताच पाणबुडी बुडी मारते, पण हल्ल्याच्या क्षणी ती बहुतेक वेळा पृष्ठभागाच्या जवळच असते आणि स्फोट होतो तिच्या खूप खाली, असं त्यांच्या लक्षात आलं. खोली पंचवीस फुटांवर आणली, तसे हल्ले परिणामकारक होऊ लागले. शस्त्र तेच राहिलं, विमानं तीच राहिली. बदलला तो एक आकडा.

अमेरिकेत हे काम १९४२ साली फिलिप मोर्स यांनी अंगावर घेतलं. मोर्स हे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतले, म्हणजे एमआयटीतले, नामांकित भौतिकशास्त्रज्ञ. रेणूंच्या कंपनांच्या अभ्यासात त्यांच्या नावाचं सूत्र आजही शिकवतात. अमेरिकेच्या किनाऱ्यालगत जर्मन पाणबुड्या जहाजांमागून जहाजं बुडवत होत्या, तेव्हा नौदलासाठी पाणबुडीविरोधी संशोधनाचा गट त्यांनी उभारला. युद्ध संपल्यावर ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेचे पहिले संचालक तेच झाले. पण युद्धातल्या या कामाने त्यांच्या मनात घर केलं होतं. ही विचारपद्धती नौदलाच्या कपाटात कुलूपबंद राहू नये, कारखान्यांना, शहरांना, ग्रंथालयांना तिचा उपयोग व्हावा, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

त्यासाठी संस्था लागते. २६ आणि २७ मे १९५२ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या हॅरिमन इथे, आर्डन हाउस नावाच्या वास्तूत ७१ माणसं जमली आणि ‘ऑपरेशन्स रिसर्च सोसायटी ऑफ अमेरिका’ स्थापन झाली. तिचं नाव आद्याक्षरांवरून ‘ओर्सा’ असं रूढ झालं. मोर्स पहिले अध्यक्ष. त्याच वर्षी संस्थेचं नियतकालिक निघालं. ७१ माणसं म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या साहित्य संमेलनाला जमतात त्याहूनही कमी. पण नियतकालिक निघालं की विषयाला पत्ता मिळतो. आपण काय शोधलं ते कुठे पाठवायचं, कुणाला दाखवायचं, चूक कोण काढणार, हे सगळं ठरून जातं.

धरणातलं पाणी आणि एक विद्यार्थी

जॉन लिटल यांचा जन्म १ फेब्रुवारी १९२८ रोजी बॉस्टनमध्ये झाला. एमआयटीतून १९४८ साली त्यांनी भौतिकशास्त्राची पदवी घेतली. विद्यार्थिदशेत ते तिथल्या ‘वू डू’ या विनोदी मासिकाचे संपादक होते. काही काळ जनरल इलेक्ट्रिकमध्ये नोकरी करून १९५१ साली ते भौतिकशास्त्रातल्या पीएचडीसाठी परतले आणि मोर्स यांचे विद्यार्थी झाले. मोर्स यांनी त्यांना नव्या विषयाकडे वळवलं. १९५५ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. ओआर या विषयातली ही जगातली पहिली डॉक्टरेट मानली जाते.

प्रबंधाचा विषय आपल्याकडच्या वाचकाला लगेच कळेल. जलविद्युत धरणात पाणी साठलंय. आज सोडलं तर आज वीज मिळते, पण उद्या पाऊस कमी झाला तर पंचाईत. राखून ठेवलं आणि पाऊस भरपूर झाला, तर तेच पाणी सांडव्यावरून फुकट वाहून जातं. पुढचा पाऊस कुणालाच ठाऊक नाही. मग आज किती सोडायचं? कोयनेच्या काठी वाढलेल्या माणसाला हा पेच समजावून द्यावा लागत नाही. लिटल यांनी तो कोलंबिया नदीवरच्या ग्रँड कूली धरणाच्या संदर्भात मांडला. पावसाची अनिश्चितता गणितात धरून, शेवटच्या टप्प्यापासून मागे मागे येत प्रत्येक टप्प्यावरचा सर्वांत चांगला निर्णय काढायचा, अशी त्यांची रीत होती. एवढी आकडेमोड हाताने होणं शक्य नव्हतं. त्यासाठी त्यांनी एमआयटीतला ‘व्हर्लविंड’ हा त्या काळातला प्रचंड संगणक वापरला.

हे काम १९५५ साली ओर्साच्या नियतकालिकात छापून आलं. या वर्षाकडे आपण शेवटी पुन्हा येणार आहोत.

रांगेचा नियम

सैन्यातली दोन वर्षं संपवून लिटल १९५७ साली क्लीव्हलंडच्या केस इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिकवायला गेले. तिथे ते रांगांचा सिद्धान्त शिकवत. मोर्स यांचं १९५८ सालचं रांगा, साठा आणि देखभाल या विषयांवरचं पुस्तक नुकतंच बाजारात आलं होतं. त्यात मोर्स यांनी एक चमत्कारिक गोष्ट नोंदवली होती. रांगांची कितीही वेगवेगळी गणितं सोडवली, तरी प्रत्येक ठिकाणी एक साधं नातं पुन्हा पुन्हा समोर येत होतं. ते नेहमीच खरं असतं का, हे मात्र सिद्ध झालेलं नव्हतं. ते कुठे खोटं ठरतं ते शोधून पाहा, असं आव्हानच मोर्स यांनी वाचकांना देऊन ठेवलं होतं.

लिटल यांनी वर्गात हे सांगितलं. तास संपल्यावर काही विद्यार्थी भोवती थांबले. एकाने विचारलं, हे सर्वसाधारणपणे सिद्ध करणं कितीसं अवघड असेल? लिटल म्हणाले, फार अवघड नसावं. विद्यार्थी म्हणाला, मग तुम्हीच करा की! हा प्रसंग लिटल यांनीच पुढे सांगितला आहे. त्यांनी ते मनावर घेतलं. १९६०च्या उन्हाळ्यात कुटुंबासह नॅन्टकेट बेटावर सुट्टीला जाताना त्यांनी गणिताची पुस्तकं बरोबर नेली आणि तिथे सिद्धता उभी केली. १९६१ साली ती ओर्साच्या नियतकालिकात पाच पानांत छापून आली.

नियम असा : एखाद्या ठिकाणी सरासरी जितकी माणसं असतात, ती संख्या म्हणजे तिथे ठरावीक वेळात येणाऱ्या माणसांची सरासरी, गुणिले प्रत्येक माणूस तिथे घालवतो तो सरासरी वेळ. गणिताच्या वहीत तो ‘एल बरोबर लॅम्डा डब्ल्यू’ असा लिहितात. एल म्हणजे आत असलेली माणसं, लॅम्डा म्हणजे येण्याचा वेग, डब्ल्यू म्हणजे आत घालवलेला वेळ.

हा नियम खरा का, ते सूत्राशिवायही कळतं. पंढरपूरच्या दर्शनबारीत उभे आहोत असं समजा. देवस्थानाने एक विचित्र नियम केलाय : रांगेतल्या प्रत्येकाने दर मिनिटाला एक रुपया पेटीत टाकायचा. आता पेटीत मिनिटाला किती रुपये जमतात, ते दोन बाजूंनी मोजू. पहिली बाजू : रांगेत सहा हजार माणसं असतील, तर मिनिटाला सहा हजार रुपये. दुसरी बाजू : मिनिटाला चाळीस माणसं नव्याने रांगेला लागतात आणि प्रत्येक माणूस बाहेर पडेपर्यंत जितकी मिनिटं थांबतो तितके रुपये देतो. पेटी एकच आहे, तेव्हा दोन्ही हिशेब जुळलेच पाहिजेत. चाळीस गुणिले किती म्हणजे सहा हजार? दीडशे. म्हणजे सरासरी माणूस रांगेत दीडशे मिनिटं, अडीच तास उभा राहतो. दोन आकडे ठाऊक असले की तिसरा कुणाला विचारायची गरज नाही.

यातलं खरं बळ गृहीतं किती कमी आहेत, यात आहे. माणसं एकेकटी येवोत वा दिंडी धरून, काही पुढे घुसोत, वाटा दोन असोत की दहा, नियम ढळत नाही. रांगांची बाकीची सूत्रं माणसं कशा लयीत येतात आणि प्रत्येकाला किती वेळ लागतो याविषयी बरंच काही गृहीत धरतात. हा नियम एवढंच मागतो की कारभार दीर्घकाळ तसाच चालू राहावा, रांग वाढतच जाऊ नये आणि हिशेब सरासरीचा असावा.

लिटल यांची सिद्धता अवघड गणितातली होती. पुढे इतरांनी ती सोपी करत आणली. १९६७ साली विल्यम ज्युएल यांच्या लेखाचं शीर्षक होतं ‘सोपी सिद्धता’. १९६९ साली सॅम्युएल आयलॉन यांनी ‘आणखी सोपी सिद्धता’ दिली. १९७४ साली शेलर स्टिडहम यांनी आपल्या लेखाला ‘शेवटचा शब्द’ असं नाव दिलं. विषयाचं कुटुंब असणं म्हणजे काय, ते या शीर्षकांच्या माळेत दिसतं. एकाने केलेलं काम दुसरा हातात घेतो, घासतो, हलकं करतो आणि पुढच्याच्या हाती देतो. ‘लिटलचा नियम’ हे नावही त्या कुटुंबानेच ठेवलं.

क्लीव्हलंडचा रस्ता, कलकत्त्याचा तरुण

केसमधल्या त्या वर्षांत लिटल यांच्या हातून आणखी एक मोठं काम झालं. फिरत्या विक्रेत्याला काही शहरांत प्रत्येकी एकदाच जाऊन घरी परतायचंय. एकूण अंतर सर्वांत कमी व्हावं, तर कोणत्या क्रमाने जावं? दहा शहरांचेच लाखो मार्ग निघतात, पुढे तर मोजदादच नाही. यावर १९६३ साली आलेला लेख चौघांचा होता : लिटल, मूर्ती, स्वीनी आणि कॅरल. शक्यतांचं झाड करायचं आणि ज्या फांदीवर याहून चांगलं उत्तर मिळणं शक्य नाही असं दिसेल, ती फांदी तिथेच छाटून टाकायची. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आयल्सा लँड आणि ॲलिसन डॉइग यांनी १९६० साली ही कल्पना मांडली होती. ‘ब्रँच अँड बाउंड’ हे तिचं आजचं नाव या चौघांच्या लेखातून आलं. आज कुरिअरच्या गाड्यांचे मार्ग, विमानांची वेळापत्रकं, शाळांची टाइमटेबलं या रीतीने सोडवली जातात.

त्या चौघांतले कट्टा मूर्ती हे आंध्रातून आलेले तरुण संख्याशास्त्रज्ञ. कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमधून ते फुलब्राइट शिष्यवृत्तीवर केसला पोचले होते. ती संस्था प्रशांतचंद्र महालनोबिसांनी १९३१ साली स्थापन केली आणि आपल्या ‘ऑपरेशनल रिसर्च सोसायटी ऑफ इंडिया’चे पहिले अध्यक्षही महालनोबिसच. ही सोसायटी १९५७ साली निघाली, म्हणजे ओर्साच्या मागून पाचच वर्षांनी. पंचवार्षिक योजनांचा आराखडा करणारा माणूस या विषयाच्या संस्थेचा पहिला अध्यक्ष असावा, हे त्या काळाला साजेसंच होतं. १९६४ पासून तिचं ‘ऑपसर्च’ हे नियतकालिक निघू लागलं.

१९६२ साली लिटल एमआयटीत परतले ते कायमचे. तिथे त्यांनी क्लीव्हलंडच्या युक्लिड ॲव्हेन्यूचे सिग्नल गणितात बसवले. एक हिरवा दिवा मिळालेल्या गाडीला ठरावीक वेगाने पुढचे सगळे दिवे हिरवेच मिळावेत आणि ही हिरवी लाट दोन्ही दिशांना शक्य तितकी रुंद असावी, अशी मांडणी त्यांनी केली. एका दिशेला हे सोपं आहे. दोन्ही दिशांना एकाच वेळी साधायचं म्हटलं की प्रत्येक सिग्नलची वेळ शेजारच्या सिग्नलशी ताणाताणी करते. पुढे या कामातून रस्तेबांधणी खात्यासाठी संगणकप्रणालीही तयार झाली.

मॅनेजरच्या टेबलावर

कारकिर्दीचा उरलेला मोठा भाग त्यांनी व्यवस्थापनाला, विशेषतः मार्केटिंगला दिला. ते बाजाराकडे वळले, कारण तिथे प्रश्न भरपूर होते आणि मोजणारं कुणी नव्हतं. जाहिरातीवर किती खर्च करावा, किंमत किती उतरवावी, विक्रेते किती ठेवावेत, हे सगळं अंदाजाने चाले.

१९७० साली त्यांनी ‘डिसिजन कॅल्क्युलस’ ही संकल्पना मांडणारा लेख लिहिला. त्याची सुरुवात एका कडू सत्यापासून होते : शास्त्रज्ञ सुंदर गणिती प्रारूपं तयार करतात आणि मॅनेजर ती जवळपास कधीच वापरत नाहीत. दोष मॅनेजरच्या माथी मारून लिटल मोकळे झाले नाहीत. प्रारूप कसं असावं याच्या सहा अटी त्यांनी घातल्या. ते साधं असावं. मजबूत असावं, म्हणजे वेडंवाकडं उत्तर देणार नाही असं. वापरणाऱ्याच्या ताब्यात राहावं. नवी माहिती आली की बदलता यावं. महत्त्वाचं काही सुटलेलं नसावं. आणि त्याच्याशी सहज बोलता यावं. मला यातली तिसरी अट सर्वांत मोलाची वाटते. निर्णय घेणाऱ्या माणसाचा अनुभव बाजूला न सारता त्याच्या हाती हत्यार द्यायचं, असा हा आग्रह आहे. गावातल्या अनुभवी कारभाऱ्याला डावलून वरून आलेल्या योजना कशा कोलमडतात, हे ज्याने पाहिलंय त्याला या अटीची किंमत कळेल.

१९६७ साली सहकारी ग्लेन अर्बन यांच्याबरोबर त्यांनी ‘मॅनेजमेंट डिसिजन सिस्टिम्स’ ही कंपनी काढली. दुकानांत बारकोड वाचणारी यंत्रं आली आणि कोणत्या घराने कोणत्या दिवशी कोणती वस्तू घेतली याची नोंद आपोआप होऊ लागली. १९८३ साली पीटर ग्वाडाग्नी यांच्याबरोबर त्यांनी कॅन्सस सिटीतल्या घरांच्या कॉफीखरेदीच्या नोंदी तपासल्या आणि सवय, सवलत आणि किंमत यांचं वजन ग्राहकाच्या निवडीवर किती पडतं ते काढलं. विक्रीच्या एकूण आकड्यांत हरवलेला एकेक ग्राहक त्या नोंदींतून पहिल्यांदाच दिसू लागला.

तीनदा अध्यक्ष

लिटल यांच्या आयुष्याचा एक भाग बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. तो संस्थेच्या कामाचा.

मोर्स एमआयटीच्या ऑपरेशन्स रिसर्च सेंटरचे संस्थापक. त्यांच्यानंतर १९६९ ते १९७५ लिटल संचालक झाले. १९७९ साली ते ओर्साचे अध्यक्ष होते. ओर्साच्या पाठोपाठ १९५३ साली दुसरी संस्था जन्मली होती, ‘द इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट सायन्सेस’, म्हणजे ‘टिम्स’. ओर्सात पदार्थविज्ञानातून आणि सैन्यातल्या कामातून आलेली माणसं जास्त, टिम्समध्ये अर्थशास्त्र आणि उद्योगांतली. प्रश्न सारखेच, सभासदही पुष्कळसे सामाईक, पण घरं दोन. १९८४ साली लिटल टिम्सचेही अध्यक्ष झाले.

दोन भावांची शेती एकत्र आणणं सोपं नसतं. बांध, विहीर, बैलजोडी यांतच सारं अडून बसतं. दोन संस्थांचं तसंच असतं : नियतकालिकं कुणाची, वर्गणी किती, नाव काय. ओर्सा आणि टिम्स अनेक वर्षं संयुक्त अधिवेशनं भरवत होत्या, काही नियतकालिकं मिळून काढत होत्या. १९८२ साली सुरू झालेलं ‘मार्केटिंग सायन्स’ त्यांतलंच. अखेर १ जानेवारी १९९५ रोजी दोन्ही मिळून ‘इन्फॉर्म्स’ ही एक संस्था झाली. तिचे पहिले अध्यक्ष जॉन लिटल. दोन्ही घरांत राहिलेला आणि दोन्हींचा कारभार पाहिलेला माणूस पहिल्या दिवशी खुर्चीवर असणं, हे त्या विलीनीकरणाला मिळालेलं मोठं बळ होतं.

१९८९ साली एमआयटीने त्यांना ‘इन्स्टिट्यूट प्रोफेसर’ केलं. तिथल्या अध्यापकाला याहून मोठा मान नाही. पण मी त्या मानाइतकंच त्या तीन अध्यक्षपदांकडे पाहतो. ज्याच्या नावाचा नियम जगभरच्या वर्गांत शिकवला जातो, त्याने इतिवृत्तं वाचायची, घटनेची कलमं तपासायची, वाद मिटवायचे आणि दुसऱ्यांच्या लेखांचं परीक्षण करायचं, हे काम त्याने खालचं मानलं नाही. शोध लावणाऱ्याला घर लागतं. ते घर कुणीतरी झाडायला, सारवायला लागतं.

अशा घराचा उपयोग कुठवर पोचतो, याचा दाखला आपल्या अगदी जवळचा आहे. ग्वाल्हेरच्या मराठी घरातले, आयआयटी मुंबईत शिकलेले नरेंद्र करमरकर यांनी बेल लॅबमध्ये असताना १९८४ साली रेषीय प्रोग्रामिंगची प्रचंड गणितं सोडवण्याची नवी रीत दिली. तिच्यासाठी ओर्साने त्यांना लँचेस्टर पारितोषिक दिलं. १९६८ साली हेच पारितोषिक मोर्स यांना त्यांच्या एका पुस्तकासाठी मिळालं होतं. त्या पुस्तकाचा विषय होता ग्रंथालय! पुस्तक किती वर्षं वाचलं जातं, कपाटात कधी पडून राहतं, एखादं बाहेर गेलेलं असल्यामुळे किती वाचक परत फिरतात, याचा हिशेब पाणबुड्यांचा मागोवा घेणाऱ्या त्याच माणसाने मांडला होता.

त्या शिक्षकांचं उत्तर

आता वाचनालयाकडे येतो. दर वर्षी नवे सभासद १२०. एकूण सभासद ६००. लिटलच्या नियमाने ६०० भागिले १२० म्हणजे पाच. आमचा सरासरी सभासद पाच वर्षं आमच्याकडे राहतो आणि मग जातो. निवृत्त शिक्षकांच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच होतं. माझ्या वह्यांत ते नऊ वर्षं पडून होतं आणि मला ते वाचता आलं नव्हतं.

या एका आकड्याने सगळं चित्र पालटतं. आम्ही दर वर्षी सभासद-वाढ मोहीम काढायचो. शाळांत जायचो, नवरात्रात टेबल मांडायचो, पहिल्या वर्षाची वर्गणी निम्मी करायचो. त्याने १२०चे १३२ झाले असते, तर काही वर्षांनी सभासद ६६० झाले असते. हीच धडपड आम्ही सहाव्या वर्षी सोडून जाणाऱ्या माणसासाठी कधी केली नाही. तो का जातो, हे त्याला विचारलं नाही. कदाचित नवी पुस्तकं वेळेवर येत नव्हती. कदाचित वाचनालय सहालाच बंद व्हायचं आणि नोकरदार माणूस साडेसहाला गावात पोचायचा. सरासरी पाच वर्षांची दहा झाली असती, तर एकही नवा माणूस न वाढवता आम्ही बाराशे झालो असतो.

नाट्यसंस्था, पतपेढी, गणेशमंडळ, व्यायामशाळा, महिला मंडळ, सगळ्यांचा हिशेब हाच आहे. महाराष्ट्राला संस्था काढण्याची हौस मोठी आहे आणि तिचा मला अभिमान आहे. उद्घाटनाला, नावनोंदणीला, पहिल्या वर्षाला आपल्याकडे उत्साहाचं उधाण असतं. पण अहवालात आपण एकच आकडा टाळ्यांसाठी वाचतो, येणाऱ्यांचा. टिकणाऱ्यांचा आकडा कुणी काढत नाही, आणि गुणाकारात दोघांचं वजन सारखंच असतं.

जॉन लिटल यांचा पहिला लेख ओर्साच्या नियतकालिकात १९५५ साली आला, धरणातल्या पाण्यावरचा. २०११ साली, आपल्या नियमाला पन्नास वर्षं झाली तेव्हा, त्याच नियतकालिकात त्यांनी त्या नियमाकडे पुन्हा वळून पाहणारा लेख लिहिला. वय तेव्हा ८३ होतं. मधल्या ५६ वर्षांत संस्थेचं नाव बदललं, घर बदललं, पिढ्या बदलल्या. आर्डन हाउसमध्ये जमलेल्या ७१ माणसांची संस्था पुढे हजारोंची झाली. ती नवनवी माणसं आली म्हणून वाढली, आणि लिटल यांच्यासारखी माणसं इतकी वर्षं राहिली म्हणूनही.

आमच्या वाचनालयाची यंदाची वार्षिक सभा डिसेंबरात आहे. मी आता कार्यकारिणीवर नाही, साधा सभासद आहे. सभेच्या विषयांत एक प्रश्न मी लेखी देऊन ठेवलाय : ‘गेल्या वर्षी ज्यांनी सभासदत्व सोडलं, ते किती वर्षं आपल्याकडे होते?’ उत्तर ऐकायला ते निवृत्त शिक्षक असतील. त्यांच्या सभासदत्वाला यंदा एकतीस वर्षं झाली.